समोरची निळी काच

पोलादपुरात स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन बाजूंना सासऱ्यांनी दोघा भावांना समोरासमोर जागा वाटून दिल्या. आधी आम्ही बांधलं. खाली माझं साड्यांचं दुकान, वर भाड्याने द्यायला ऑफिसं. गिलावा करायचा नाही, विटा उघड्याच ठेवायच्या, हा हट्ट माझा. सावित्रीकाठच्या भट्टीवर जाऊन, एकमेकींवर आपटून खणखणीत वाजतील तेवढ्याच विटा मी घेतल्या. विटांमधल्या दरजा सिमेंटने भरून झाल्या, भिंत धुतली, त्या संध्याकाळी मी रस्त्यात उभी राहून बघतच राहिले. काही काळ ती गावातली सगळ्यात देखणी इमारत होती. निदान मला तसं वाटायचं.

मग धाकटे दीर मुंबईहून परतले आणि समोर तीन मजले चढवले. दर्शनी बाजू अख्खी निळ्या काचेची. एसटीतून उतरणारा माणूस आमच्याकडे पाठ करून आधी तिकडे बघायचा. आमचा वरचा मजला घेतो म्हणालेले दातांचे डॉक्टर तिकडे गेले. "तिकडे जरा मॉडर्न वाटतं," हे त्यांनी माझ्याच दुकानात उभं राहून सांगितलं. मी हसून मान हलवली. ते गेल्यावर शटर इतक्या जोरात ओढलं की नवरा धावत खाली आला.

जाऊ रोज सकाळी काचा पुसून घ्यायची. मी गल्ल्यावर बसून त्या काचांवर डाग शोधायची. सापडायचे नाहीत.

उन्हाळ्यात मात्र मला भांडायला कारण मिळालं. दुपार कलली की ऊन त्या काचेवर आदळून थेट माझ्या दुकानात यायचं. बायका डोळ्यांवर हात धरून साड्या बघायच्या. एक दिवस मी तरातरा रस्ता ओलांडून वर गेले.

"ताई, या ना, बसा," जाऊ म्हणाली. ती घामाने निथळत होती. शेजारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचेला आतून चादरी लावल्या होत्या आणि भर दुपारी दिवे लावून ते दात तपासत होते.

"हे ऊन थांबवा. गिऱ्हाईक टिकत नाही माझ्याकडे."

"आमालाच सोसत नाय, ताई. काय करू, तुमीच सांगा."

भांडण तिथेच विझलं. मी घुश्शातच म्हणाले, "काचेपुढे हातभर सज्जा आहे ना, त्यावर विटांची जाळी चढवा. एक वीट, एक पोकळी. वाराही येईल, उजेडही."

तिने खरंच ऐकलं. गवंडी माझाच बोलावला, विटाही माझ्याच भट्टीच्या. तो सारखा विचारायला यायचा, म्हणून शेवटी मीच तिथे जाऊन उभी राहू लागले. एक ओळ वाकडी आली तर ती उतरवून पुन्हा लावून घेतली. काम दुसऱ्याचं, पण राहवेना.

जाळी पुरी झाली. ऊन थांबलं. लाल विटांमागून निळी काच आता तुकड्यातुकड्यांनी चमकते. रायगड बघून परतणारी माणसं गाडी थांबवून फोटो काढतात. जाऊ प्रत्येकाला सांगते, "आयडिया आमच्या ताईंची हाय." म्हणजे रागवायचीही सोय राहिली नाही.

त्या जाळीसमोर माझी इमारत अगदीच सपाट दिसते. परवा नवरा म्हणाला, "एवढी धुसफुसतेस, तर आपल्यालाही घालू तशी जाळी."

"नको," मी म्हणाले. "लोक म्हणतील, समोरच्यांचं बघून केली."