छावणीच्या फाटकावरचा दुभाषी

आम्ही दोघं चिखलीला लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करायचो. मी बिर्याणीच्या हंड्यावर आणि साखरखेर्ड्याचा माझा मित्र वरण-भाजीच्या चुलीवर. तो बौद्ध, मी मुसलमान. एकाच मांडवात दोन्ही पंगती सांभाळता सांभाळता आमची दोस्ती झाली होती. मुंबईचा एक एजंट म्हणाला की कुवेतच्या हॉटेलात आचारी पाहिजेत. आम्ही दोघांनी होकार दिला.

कुवेतला उतरल्यावर हॉटेल काही दिसलं नाही. कंपनीच्या माणसानं पासपोर्ट काढून घेतले आणि आम्हाला एका गोदामात झोपवलं. मग एका सकाळी पडदे लावलेल्या बसमध्ये बसवलं. बरंच अंतर गेल्यावर मित्रानं पडदा सरकवून पाहिलं. रस्त्याच्या कडेला जळालेला रणगाडा पडला होता.

"हे कुवेत नाही राह्यलं बे," तो हळूच म्हणाला.

इराक होतं. तिथलं युद्ध संपल्याचं आदल्या वर्षीच जाहीर झालं होतं, आणि जिंकलेल्या परदेशी फौजेनं ठिकठिकाणी छावण्या टाकल्या होत्या. त्यातल्याच एका छावणीच्या भटारखान्यात आम्हाला उतरवलं. आम्ही परत जायचं म्हटलं, तर सुपरवायझर म्हणाला, "जा की. गेट उघडं आहे." गेटच्या बाहेर नुसता परका मुलूख, आणि खिशात पासपोर्ट नाही.

छावणी म्हणजे एक अख्खं गावच होतं. भोवती सिमेंटच्या उंच भिंती, आत थंडगार खोल्या, पिझ्झ्याचं दुकान, व्यायामशाळा. बटाटे बाहेरच्या देशातून यायचे, प्यायचं पाणीसुद्धा. त्या मातीतलं काहीही आमच्या भांड्यात पडत नव्हतं. आधी फौज जेवायची, मग गोरे ठेकेदार, मग आम्ही. आपण सगळ्यांत खाली आहोत असं मला वाटायचं. पण आमच्याही खाली त्या देशाची माणसं होती. सकाळी ती हात वर करून आत यायची, अंगाची झडती द्यायची आणि दिवसभर संडास धुवायची, पोत्यांत वाळू भरायची. त्यांच्या मागं बंदूकवाला उभा असायचा. आमच्या मागं तो नव्हता, एवढीच आमची इज्जत.

मधोमध एक जुनी सरकारी इमारत होती. तिथल्या मोठ्या दालनात बसून साहेबलोक शहराचा कारभार पाहायचे. बाजार कधी भरायचा, कोणता रस्ता बंद ठेवायचा, गाडी कोणी चालवायची, सगळे हुकूम तिथून सुटायचे. मी त्यांना कॉफी द्यायचो. ज्या शहराबद्दल ते बोलायचे ते खिडकीतून दिसतही नव्हतं. खिडक्यांना पोती लावलेली होती.

एके दिवशी फाटकावरच्या साहेबानं माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला.

"तू मुसलमान आहेस. तुला अरबी येत असेल."

मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "वाचता येते साहेब. समजत नाही." आणि ते खरंच होतं. लहानपणी मशिदीत आम्ही ओळींवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचो, पण अर्थ कुणी शिकवला नव्हता. साहेबाला मात्र तेवढी पहिलीच गोष्ट ऐकू आली. त्यांचा आधीचा दुभाषी यायचा बंद झाला होता. कुणी म्हणे पळाला, कुणी म्हणे मारला. दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की मला फाटकावर उभं करू लागले.

तिथं माणसांची रांग असायची. कुणाचा भाऊ धरून नेलेला, कुणाची गाडी जप्त झालेली. मी कान लावून ऐकायचो. चिखलीच्या तहसील कचेरीत रोज कानावर पडणारे शब्द मध्येच ओळखीचे निघायचे. मालिक. हुकूम. हक. तारीख. तेवढ्यावर अंदाज बांधायचा आणि साहेबाला सांगायचं. माझ्या अंदाजावर माणसांची कामं अडकलेली होती.

त्या रांगेत एक म्हातारा यायचा. पांढरा लांब अंगरखा, डोक्याला रुमाल, नखांत माती. तो भिंतीकडे हात करून "माय, माय" म्हणायचा. एकदा पाण्याच्या बाटल्यांचे खोके घेऊन आलेला माझा मित्र मागं थांबला होता. त्यानं विचारलं, "हा मायले काऊन बोलावून राह्यला?"

मलाही तसंच वाटलं. मग म्हाताऱ्यानं बाटलीकडे बोट दाखवलं, ओंजळ केली आणि ती जमिनीवर ओतल्यासारखी केली. त्यांच्याकडे पाण्याला माय म्हणतात. हातवारे आणि ओळखीचे शब्द जुळवत बाकीचं कळलं. भिंतीला लागून त्याची खजुराची बाग होती. छावणीच्या भिंतीनं पाट तोडला होता आणि कुंपणाच्या तारेमुळे त्याला बागेत जाता येत नव्हतं. झाडं वाळत होती. त्याला फक्त पाणी द्यायला आत जायचं होतं.

मी साहेबाला सगळं नीट सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शहरातल्या कचेरीची परवानगी आणायला सांग." म्हातारा गेला. काही दिवसांनी परत आला. कचेरीनं सांगितलं होतं की बाग छावणीच्या हद्दीत येते, तिथंच विचारा. मी ते साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, "मग पुढच्या आठवड्यात यायला सांग." म्हातारा दर आठवड्याला येत राहिला. मला पाहिलं की छातीवर हात ठेवून सलाम करायचा. मीही करायचो. माझ्यामुळे काम होईल असं त्याला वाटत असावं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं.

मग एका सकाळी बुलडोझर चालले. भिंतीजवळ झाडी नको, तिथून गोळीबार होऊ शकतो, असं दालनात ठरलं होतं. ते ठरलं तेव्हा मी तिथंच कॉफी देत असेन. दुपारपर्यंत बाग सपाट झाली. धुरळा भटारखान्यात आला म्हणून आम्ही पातेली झाकली.

म्हातारा आला तेव्हा साहेबानं मला सांगितलं, "त्याला समजाव. सुरक्षेसाठी करावं लागलं."

सुरक्षेला काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी म्हणालो, "हुकूम." एवढाच शब्द होता माझ्याकडे.

तो ओरडला नाही. माझ्या बिल्ल्याकडे पाहून त्यानं विचारलं, "इन्ता मुस्लिम?"

मी हो म्हणून मान हलवली.

"लेश?" तो म्हणाला. "लेश?" त्यानं पुन्हा विचारलं, आणि पहारेकऱ्यानं त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. त्यानंतर तो आला नाही.

लेश म्हणजे काय ते मी झाडलोट करणाऱ्या एका इराकी माणसाला विचारलं. त्यानं दोन्ही तळहात उलटे करून दाखवले. म्हणजे आपलं काऊन, का.

त्या रात्री मला भात गेला नाही. मित्र म्हणाला, "तू काऊन जिवाले लावून घेऊन राह्यला? आपण कांदे चिरतो. बुलडोझर आपण चालवला का?"

"चालवणाऱ्याले जेवण आपणच देलं ना."

"मंग काय उपाशी ठेवतो? तुले मले इथं कोणी इचारून आणलं का बे?"

दोघंही खरं बोलत होतो, म्हणून भांडण मिटलं नाही. मी फाटकावर जायला नकार दिला. सुपरवायझरनं मला आचाऱ्याच्या कामावरून काढून खरकट्यावर टाकलं. करार संपेपर्यंत मी उरलेलं अन्न खड्ड्यात ओतत होतो. आख्ख्या कोंबड्या, न फोडलेली पाकिटं. बाहेरच्या कुणाला ते द्यायला बंदी होती. ओतलं की वरून डिझेल टाकून पेटवायचं.

करार संपल्यावर पासपोर्ट मिळाला आणि मी घरी आलो. मित्र राहिला. पुढं तो दुसऱ्या देशातल्या तसल्याच एका छावणीत गेला, मग तिसऱ्या. आता तो मुख्य आचारी आहे. सुट्टीवर आला की चिखलीच्या बाजारात भेटतो, लेकरांची चौकशी करतो, चहा पाजतो. त्या बागेचा विषय आम्ही काढत नाही.

मी पुन्हा लग्नांचा स्वयंपाक करतो. पंगतीत कुणीतरी कौतुकानं म्हणतं, हे इराकच्या लढाईत होते. मी आता कुणाची चूक दुरुस्त करत नाही. मागं एका नवरदेवाच्या काकानं विचारलं, "तिकडले लोकं कसे असतात हो चाचा?"

मी म्हणालो, "मले नाही माहीत. मी आतमध्ये होतो."

त्याला तो विनोद वाटला. तो खूप हसला आणि अजून थोडा रस्सा वाढा म्हणाला.