मंत्र्यांच्या बंगल्यात नेलेला तिळगूळ

चौकशी लागलेला माणूस जवळून कसा दिसतो, हे मला बघायचं होतं. बाकी कारण काही नव्हतं; घरच्यांना मात्र आजवर मी वेगळंच सांगत आले.

साठच्या दशकात आम्ही जयपूरला सी-स्कीम वसाहतीत राहायचो. बाबा नगररचना खात्यात नकाशे तपासायचे. समोरच्या बंगल्यात राज्याचे एक मंत्री. गावच्या पंचायतीपासून चढत आलेले, रोज सकाळी व्हरांड्यात लोकांची गाऱ्हाणी ऐकणारे. त्या हिवाळ्यात त्यांच्यावर आरोप झाला, की शाळेसाठी राखलेली जागा त्यांनी मेहुण्याच्या गोदामाला दिली. नकाशा बदला, असं त्यांनी फोनवर बाबांनाच सांगितलं होतं. बाबांनी ऐकलं नाही, तेव्हा ते काम दुसऱ्याकडून झालं. आता बाबा चौकशी समितीपुढे काय बोलतात, यावर मंत्र्यांची खुर्ची अवलंबून होती. आणि बाबांचंही पुढचं सगळं.

संक्रांतीला शेजारी तिळगूळ पोचवायचं काम माझं. आईनं त्या वर्षी समोरचा बंगला गाळला. मी तो परत धरला.

व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. मंत्री एकटेच उन्हात बसलेले, डाव्या मोज्याला भोक. भ्रष्टाचार म्हणतात तो हाच असावा, असं मला वाटलं. डबा पुढे करून मी म्हटलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

"मतलब, बिटिया?"

शिकवायची मला तेव्हापासून खोड. भांडण असलं तरी हा घ्यायचा आणि पुढे वर्षभर वाईट बोलायचं नाही, असं मी हिंदीत ऐटीत समजावलं.

"पिताजी ने भेजा है?"

बाबांचं नाव घेतलं की आपलं वजन वाढतं, असा माझा समज. मी म्हटलं, "हाँ जी."

संध्याकाळी त्यांचे सेक्रेटरी हसतमुखानं फाटकाशी. "मंत्रीजी ने धन्यवाद कहलवाया है. अब सब मीठा ही होगा."

ते गेल्यावर आई कडाडली, "कार्टे, तुला तिकडे कुणी पाठवलं होतं?"

बाबा ओरडले नाहीत. "आता मला दोन साक्षी द्यायला लागणार," ते म्हणाले. "एक नकाशाची, एक हिच्या लाडवांची."

आणि दिल्या. समितीपुढे त्यांनी आधी तिळगुळाचं सांगितलं: मुलीनं माझं नाव परस्पर घेतलं, माझा तसा काही निरोप नव्हता. मग फोनचं सांगितलं. महिन्याभरात मंत्र्यांनी राजीनामा दिला. बाबांची बदली पार वाळवंटात, बाडमेरला झाली.

बंगला सोडताना मंत्र्यांनी आमचा डबा परत पाठवला. आत गजक होती, तिकडची तिळाची वडी, आणि सोबत निरोप: "बिटिया से कहना, हमने अब तक कड़वा नहीं बोला."

"अहो, परत करा," आई म्हणाली.

"साक्ष होऊन गेली. आता हे शेजाऱ्याचं." बाबांनी एक तुकडा मोडला आणि हळूच मला विचारलं, "त्या दिवशी कसे दिसत होते गं?"

"मोज्याला भोक होतं, बाबा."

बाबांनी हातातल्या गजकेचा अर्धा तुकडा मला दिला, आणि उरलेला समोरच्या बंद फाटकाकडे बघत खाल्ला.