नसीमाची ओळ

नसीमा गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आमच्या कोंडाणे गावी अंगणात कपडे वाळत घालत होते. मेंदूत रक्तस्राव, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. चिमटे हातात तसेच राहिले...

ती कुंभिवलीची. कर्जतच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे ती प्रोग्रामर झाली, आणि मी डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या आमच्या गटाचे फोन सांभाळू लागले. मदतीला येणाऱ्यांची माहिती फॉर्ममधून यायची. एका माणसाची एक ओळ, नाव, पत्ता, फोन, जमेल ते काम, मधे स्वल्पविराम. नसीमाचा प्रोग्राम त्या ओळी स्वल्पविरामावर तोडून गाव पुढे आणायचा, नाव मागे टाकायचा आणि गावागावाची माणसं एकत्र लावायचा. जिथे कुणी अडकलंय, तिथली माणसं आधी, हे डोकं तिचंच.

पहिल्याच हाकेला फजिती झाली. आमच्या गावच्या लेण्यांच्या वर दोन पोरी अडकल्या आणि यादीत कोंडाण्याचं एकही नाव नाही! आमची माणसं पत्ता 'शाळेच्या मागे, कोंडाणे' असा सांगतात. प्रोग्राम दिसेल त्या स्वल्पविरामावर तोडत गेला. गावाच्या जागी 'शाळेच्या मागे' बसलं आणि फोनच्या जागी कोंडाणे. मी दारोदार पळत माणसं गोळा केली. पोरी उतरल्या, पण तोवर भिजून पार काकडल्या होत्या. मी नसीमाला नको नको ते बोलले. वर म्हटलं, सगळ्यांना सांगते, पत्त्यात स्वल्पविराम घालायचा नाय. तर बाई माझ्यावरच भडकली.

"लोक सांगतात तसाच पत्ता राहील गं. चुकला प्रोग्राम, लोकांनी का बदलायचं?"

मग तिने प्रत्येक पत्ता अवतरणचिन्हांत ठेवला. चिन्हांच्या आतल्या स्वल्पविरामावर तोडायचं नाही आणि पत्त्याच्या शेवटी येईल ते गाव धरायचं. तपासायला स्वतःचीच ओळ घातली: 'मशिदीच्या मागे, चिंचेजवळ, कुंभिवली'. कोणतं काम जमेल, त्यापुढे लिहिलं, 'डोंगर चढवत नाही, चहा करून ठेवीन'. ही ओळ अख्खी आली की बाकीच्या नीट आल्या समज, म्हणाली. आणि खरंच, आमची माणसं खाली उतरली की बाई रिक्षातून थर्मास घेऊन हजर. साखर मात्र कायम कमी, त्यावरून मी तिला किती छळलं असेल...

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर गटातल्या विनायकने हळूच विचारलं, ताईंचं नाव आता काढूया का.

"हात लावायचा नाय," मी म्हटलं. डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू. पण ती ओळ काढली तर तपासायचं कशावर?

गेल्या रविवारी लेण्यांच्या वाटेवर एक जण घसरून पडला. मी प्रोग्राम चालवला आणि आधी नसीमाची ओळ पाहिली. मशीद, चिंच, कुंभिवली, चहा, सगळं जागच्या जागी. मग कोंडाण्यातल्यांना फोन लावले. दुपारपर्यंत माणसं त्याला घेऊन खाली आली, हातपाय धुऊन पारावर टेकली, आणि सवयीने सगळी रस्त्याकडे बघत बसली.