बिनशिवणीचा बॉल

वळ गावच्या गोडाऊनच्या टीममध्ये मी गोलकीपर हाय, कारण मला पळता येत न्हाय. आमचे फुटबॉल अंजूरच्या नाक्यावरचे एक काका शिवून देतात. एरवी ते बॅगा-चपला शिवतात. बॉल आणला की दाबून बघत न्हायत, कानाशी धरून हळू फिरवतात. मग दोनच शब्द बोलतात आन वर "बस" म्हणतात.

यंदा टूर्नामेंटला नवा बॉल आला. शिवण न्हायच, सगळा चिकटवलेला, हवेत भलतीकडंच वळणारा. सेमीफायनलला मी डावीकडं उडालो, बॉल उजवीकडून आत. असे चार खाल्ले. आमच्या पोरांनी पाच मारले म्हणून वाचलो. कॅप्टन म्हणाला, "फायनलला तीन खाल्लेस की बाहेर बसायचं."

फायनलला जुना शिवलेला बॉल ठेवायचा की नवा, हे टूर्नामेंट भरवणाऱ्या मंडळानं काकांना विचारलं. मी हळूच म्हणालो, "काका, जुना सांगा ना. तुमचा पण धंदा चालंल."

"नवाच ठेवा," काका मंडळाला म्हणाले. "लोक गोल बघायला येतात. बस."

मला लई राग आला. पण फायनलला ते दुकान बंद करून माझ्याच जाळीमागं उभे राहिले. मी दोन खाल्ले, तेव्हा बोलले, "आधीच कशाला उडतोस? हा शेवटाला वळतो. थांब जरा."

पुढच्या बॉलला मी थांबलो. एवढा थांबलो की बॉल नाकावर बसला. मी आडवा.

काका जाळीला तोंड लावून म्हणाले, "उठ रे, गोल न्हाय झाला."

पाठीमागून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.