चांद्या थांबायचा ती झाडं

आमच्या गावापासून लाखनीच्या बाजारापर्यंत रस्त्याकडेचं एकही झाड माझ्या भासऱ्यांनी कोरडं सोडलं नाही. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. साठीत त्यांना लघवीचा असा त्रास जडला, की बाभळीपाशी गाडीतून उतरायचं, मोहापाशी उतरायचं, पळसापाशी तर येताजाता. कोणी विचारलं तर म्हणायचे, "बैलाले दम देऊन राहिलो." शेवटी त्यांचा लाडका बैल चांद्या न सांगताच झाडापाशी थांबू लागला. ट्रकवाले हॉर्न वाजवून थकत, चांद्या हलत नसे.

आमच्यात भावजयीने भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. आम्ही चांद्यामार्फत बोलत असू. मी पदर ओढून गोठ्याच्या दारातून म्हणायची, "चांद्या, मालकाले सांग, भात निवून राहिला." आमच्या घरातली सगळी भांडणं त्या बैलाला पाठ होती.

धानकापणीत एका सकाळी ते गोठ्याचा खांब धरून घामाघूम उभे दिसले. मी म्हटलं, "चांद्या, मालकाले विचार, लघवी तुंबली काय?"

"चांद्या, सांग तिले, बाईमाणसानं असं विचारू नाही."

"चांद्या, सांग, मेल्यावर लाज घेऊन कोठी जातेत?"

नवऱ्याने त्यांना लाखनीच्या डॉक्टरकडे नेलं. नळी घातली, जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाले, आत गाठ वाढली आहे, नळीवर किती दिवस काढाल? नागपूरला दुर्बिणीने लघवीच्या वाटेनेच गाठ खरवडून काढतात, पोट फाडत नाहीत. भासऱ्यांना ते खरं वाटेना. बपेरा गावचे त्यांचे साडू पोट फाडल्यावर घरी आलेच नव्हते. धोतराखाली लघवीची पिशवी लटकवून भासरे गोठ्यात बसून राहिले.

"चांद्या, सांग तिले, ज्या वाटेनं थेंब जात नाही, त्या वाटेनं दुर्बीण कशी जाईन?"

त्यांना ताप भरू लागला. मग मी बैलाला सरळ सांगितलं, "चांद्या, मालक मेला तं तुले बाजारात उभा करीन. कसाई येवो का कोणी येवो."

भासऱ्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ते नागपूरच्या गाडीत बसले.

थोड्याच दिवसांत परत आले. पोटावर एक ओरखडा नाही. नागपूरच्या त्या डॉक्टरचं नाव मला ठाऊक नाही, पण सांजवात लावताना मी त्याचं भलं मागते. माझ्या लेकीच्या लग्नात भासरे अक्षता पडेपर्यंत मांडवातून एकदाही उठले नाहीत. एवढं सुख मला जावई बघूनही झालं नाही.

चांद्याला मात्र कोणी समजावलं नाही. तो झाडापाशी थांबायचाच. भासरे गाडीतच ऐटीत बसून म्हणायचे, "चाल बापा, आता तसं काम नाही."

पुढे काही वर्षांनी ते झोपेतच गेले. बैल मी विकला नाही. नंतर एकदा आम्ही नवराबायको बाजाराला निघालो, तर म्हातारा चांद्या पळसापाशी उभा राहिला. नवऱ्याने काठी उचलली.

मी म्हटलं, "राहू द्या. येतेत ते."

जरा वेळाने चांद्या आपणच चालू लागला.