मडक्यांपाशी खुळखुळा

आमच्या मीरा रोडच्या सोसायटीत एक निवृत्त पुरातत्त्वज्ञ काका राहतात. गणपतीतल्या नाटकात राजाच्या मनगटावर घड्याळ दिसलं, तेव्हा ते प्रेक्षकांतून ओरडले होते, "त्या काळी नव्हतं!"

यंदा सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांनी प्राचीन बालदफनाचा देखावा मांडला: घराच्या जमिनीत, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी. छातीवर सोनेरी बिल्ला लावून आलेले अध्यक्ष दचकले.

"काका, अशुभ वाटतंय. हटवा."

"अशुभ कसलं? आईबापांना बाळ लांब पाठववेना, म्हणून घरातच ठेवलं."

तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींनी मडक्यांपाशी प्लास्टिकचा खुळखुळा ठेवला. आता आजींचं काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं. काकांनी खुळखुळा उचलला, मडक्यांच्या आणखी जवळ ठेवला आणि ते अध्यक्षांकडे वळले.

"हटवा बघू आता."