चाचीची जादा नऊ वर्षं

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार आहेत ते चामोर्शीच्या शिंपी चाचांचे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आमच्या जंगलातल्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. बाबांची आणि त्यांची ओळख फक्त बाजारातली, तरी त्यांनी मला पाचवीपासून दहावीपर्यंत घरी ठेवून घेतलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. दुकानामागच्या खोलीत मी अभ्यास करायचो आणि चाची मला जेवू घालायची. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. ती पदवी जितकी माझी, तितकीच त्या दोघांची.

बी.ए. होऊन मी नोकरी शोधत होतो, तेव्हा चाचांची नजर अधू झाली. सुईत दोरा ओवता येईना. म्हाताऱ्या माणसांना सरकारी पेन्शन मिळते असं मी कुठेतरी वाचलं होतं. चाचांचं वय बसत नव्हतं, कारण त्यांच्याकडे उर्दू शाळेचा चौथीचा दाखला होता आणि त्यावर जन्मतारीख होती. चाचीकडे कसलाच कागद नव्हता. मी अर्ज घेऊन बसलो.

"चाची, तुझं वय किती?"

"मले का माहीत? निकाह झाला त्या साली गावात पहिली पिठाची चक्की आली. तू शिकला हायेस, तूच मोज."

मोजलं तर सत्तावन्न भरलं. पेन्शनला पासष्ट हवं होतं.

"सहासष्ट लिहितो," मी म्हणालो.

"लिही बापा. पण इतकी बुड्ढी दिसते का मी?"

मशीनवरून चाचा म्हणाले, "दिसून राह्यली अशी का डॉक्टरच उठून सलाम करील!"

वयाचा दाखला ग्रामीण रुग्णालयाचा डॉक्टर माणूस पाहून द्यायचा. चाची दर महिन्याला केसांना मेहंदी लावायची. मीच तिला म्हणालो, दोन महिने लावू नको. पांढरं डोकं ओढणीतून बाहेर ठेवून ती डॉक्टरसमोर बसली. त्यानं एकदा पाहिलं आणि सहासष्ट लिहून दिलं. बाहेर येऊन आम्ही तिघंही खूप हसलो. शिक्षणाचा आपल्या माणसांना उपयोग झाला, असंच मला त्या दिवशी वाटलं.

पुढच्या वर्षी मला पंचायत समितीत नोकरी लागली. तीन वर्षं गेली आणि दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या कुटुंबांसाठी आरोग्य विमा आला. आवारात शिबिर लागलं. अर्ज भरायला आणि लोकांना समजवायला मला बसवलं होतं. माहितीपत्रक असं होतं की वाचून शिकलेल्या माणसालाही काही कळू नये. मी ते घरी नेऊन दोनदा वाचलं आणि रांगेत आमच्या बोलीत सांगू लागलो: कार्ड एका वर्षाचं. भरती झालात तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च कंपनी देईल. घरातल्या सगळ्यांची नावं एकाच अर्जावर येतील. वय पासष्टच्या वर नको. कार्ड नसलं तरी सरकारी दवाखाना आहेच, तिथे कोणी हाकलत नाही. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकाला सांगत होतो.

चाचा-चाची आले. चाचीनं ताजी मेहंदी लावली होती, केस नारिंगी झळकत होते. मी चाचांचं वय चौसष्ट लिहिलं, तिचं एकसष्ट. दोन्ही खरी होती. शेजारी बसलेल्या कंपनीच्या माणसानं वय ताडून पाहायला ठेवलेली पेन्शनची यादी उघडली आणि बोट ठेवलं.

"ही बाई तर सत्तरची हाय." मग तिच्या डोक्याकडे पाहून तो म्हणाला, "चाची, मेहंदीनं कागदावरचं वय नाई उतरत!"

रांग हसली. चाची माझ्याकडे पाहत राहिली. ते नऊ वर्षांचं खोटं मी लिहिलं, एवढंच मला बोलायचं होतं. पण बोललो असतो तर तिची पेन्शन बंद झाली असती. आणि खरं सांगायचं तर त्या जुन्या अर्जावर अक्षर माझं होतं, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी तिच्या नावावर रेघ मारली.

"वय बसत नाही, चाची."

"म्हणजे बुड्ढ्या माणसाले दवाखाना नाई का आता?"

"चाल, चाल, मागं लोकं उभे हायेत," म्हणत चाचांनी तिचा हात धरला. मी मान खाली घालून पुढचा अर्ज ओढला. इतरांना सांगत होतो ते शेवटचं वाक्य तिला सांगायचं राहिलं. तिच्या डोळ्यांत पाहायला नको, म्हणून राहिलं.

त्यानंतर मी घरी गेलो की ती पोटावर हात दाबून बसलेली दिसायची. विचारलं तर म्हणायची, "गॅस हाय, जाईल." असं वर्षाहून जास्त चाललं. अन्न आत जाईना, तेव्हा चाचांनी मला निरोप धाडला. आम्ही तिला गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला. तिथल्या डॉक्टरनं जरा रागानंच विचारलं, इतके दिवस काय करत होता?

चाची म्हणाली, "माझं वय बसत नाई ना, साहेब."

डॉक्टरला काही कळलं नाही. तो म्हणाला, बाई, दवाखान्याला वय लागत नाही, पहिल्या दिवशीच यायचं होतं. चाचा माझ्याकडे पाहत होते. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

तीन आठवड्यांनी ती गेली. मृत्यूच्या नोंदीसाठी खिडकीतल्या माणसानं वय विचारलं. चाचा म्हणाले, "तूच सांग बेटा, तुले माहीत हाय." मी एकाहत्तर सांगितलं. पेन्शनच्या कागदाशी जुळायला हवं म्हणून सांगितलं. ती बासष्टची होती.

आजही कुणा म्हाताऱ्या बाईचा अर्ज माझ्यासमोर आला की वयाच्या रकान्यावर पेन थांबतं. टेबलासमोर नारिंगी केसांची ती उभी असते आणि तोच प्रश्न विचारते. समोरच्या बाईला मी उत्तर दोनदा, तीनदा देतो. शेजारचे कारकून हसतात. चाची मात्र जागची हलत नाही.

शेवटी मी चाचांना पत्र टाकलं.

"चाचा, सलाम.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. हे पत्र मोहल्ल्यातल्या कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, हे माहीत असूनच लिहितो आहे. तोंडानं सांगायला तीनदा आलो आणि चहा पिऊन परत गेलो.

चाचीचं वय वाढवून मी लिहिलं, हे तुम्हाला माहीत आहे. पण शिबिरात तिनं विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं, हे तुम्हाला माहीत नाही. सरकारी दवाखान्यात कार्ड लागत नाही, वय लागत नाही. हे मी रांगेतल्या सगळ्यांना सांगितलं, तिलाच सांगितलं नाही. मी नोकरीला घाबरलो. ती म्हातारपणाला दवाखाना नसतो असं समजून दुखणं दाबत राहिली. माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

आता तुमचं. तुम्हाला पासष्ट पूर्ण झाली. यंदा कार्ड पुन्हा होणार नाही. शिबिरात कोणी 'वय बसत नाही' म्हटलं तर ते फक्त कार्डाचं आहे. ग्रामीण रुग्णालयात सकाळी जायचं, चिठ्ठी काढायची, दुखतं ते सगळं सांगायचं. मोठ्या दवाखान्यात पाठवलं तर जायचं. डोळेही तिथेच दाखवा. माझ्यासोबत यायचं नसेल तर दुसऱ्या कोणाला न्या, पण जा. बाजाराच्या दिवशी फार गर्दी असते, तो दिवस सोडून जा.

वाचणाऱ्याला म्हणा, दवाखान्याचा भाग पुन्हा एकदा वाच."